फवारा आणि चूळ

दम्याच्या रुग्णाला औषधाच्या दुकानात जो फवारा मिळतो, आणि ज्याला बहुतेक घरांत नुसते ‘पंप’ म्हणतात, त्याच्या खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो. तो कागद उलगडून वाचणारे थोडे. ज्या फवाऱ्यात स्टिरॉइड जातीचे औषध असते, त्याच्या कागदावर बारीक अक्षरांत एक वाक्य हमखास आढळते : औषध ओढून झाल्यावर पाण्याने चूळ भरावी आणि ते पाणी थुंकून टाकावे. औषधशास्त्राने एवढी मजल मारल्यावर शेवटी सांगायचे ते हेच काय, असे कोणासही वाटावे. जेवण झाल्यावर मोरीपाशी जाऊन चूळ भरण्याचे ज्या समाजात लहान मुलालाही शिकवावे लागत नाही, तेथे तर हे वाक्य अगदीच अनावश्यक वाटण्याचा संभव. तथापि हे वाक्य त्या कागदावर सहजासहजी आलेले नाही. ते येण्यापूर्वी एक मोठे औषध हाती येऊन जवळजवळ निकामी ठरले होते, दुसऱ्या वाटेने ते पुन्हा उभे राहिले होते, आणि त्या नव्या वाटेवर रुग्णांच्या तोंडात एक जुनी बुरशी उगवली होती.

दम्यावर औषध पोटात न देता श्वासावाटे द्यावे, ही कल्पना नवी नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हिक्का आणि श्वास यांचा एकत्र विचार केलेला आहे. त्यातील पाच प्रकारच्या श्वासविकारांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी पुष्कळसे जुळते. रुग्णाला आडवे पडवत नाही, उठून बसल्यावर बरे वाटते, कफ सुटला की क्षणभर सुख होते, ढगाळ हवेत त्रास वाढतो, हे सारे तेथे आहे. त्याच अध्यायात हळद, एरंडाचे मूळ, लाख, मनशीळ, देवदार इत्यादी द्रव्यांची वात करून तिचा धूर ओढण्यास सांगितले आहे. पुढे वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात धूमपानाला एकविसावा अध्याय दिला आणि लगेच बाविसाव्या अध्यायात गंडूष व कवल यांचा विधी सांगितला. तोंड इतके भरावयाचे की आतला द्रव हलविताही येऊ नये, तो गंडूष. आणि जो तोंडात खळखळविता येतो, तो कवल. धुरानंतर लगोलग चुळीचा अध्याय आला म्हणून आजच्या फवाऱ्याचे पथ्य वाग्भटाला ठाऊक होते असे म्हणण्याचा मोह कोणाला झाला, तर तो आवरलेला बरा. त्या दोन विधींची प्रयोजने निराळी होती. एवढे मात्र खरे की मुखशुद्धी हा चिकित्सेचाच एक भाग आहे, तो केवळ सभ्यपणाचा भाग नव्हे, ही समजूत या देशात पुरातन होती.

श्वासावाटे औषध घेण्याच्या या परंपरेचा एक धागा पुढे युरोपातही गेला. धोत्र्याची मुळे वाळवून चिलमीतून ओढण्याचा दक्षिण हिंदुस्थानातील उपाय १८०२ साली जनरल जेंट यांच्यामार्फत मद्रासहून ब्रिटनमध्ये पोहोचला आणि पाहता पाहता तेथील वैद्यकाने तो आपलासा केला. तोवर ‘इन्हेलर’ हा शब्द इंग्रजीत रुळू लागला होता. प्लिमथचे वैद्य जॉन मज यांनी १७७८ मध्ये वाफ ओढण्यासाठी कथिलाच्या मिश्रधातूचे झाकणबंद भांडे तयार केले होते आणि त्याला हे नाव दिले होते. एकोणिसाव्या शतकात धोत्र्याच्या जातीच्या पानांच्या विड्या आणि जाळावयाची पूड दुकानोदुकानी विकली जाऊ लागली. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांची खोली अशाच धुराने भरलेली असे. या धुराने श्वासनळ्यांचे आकुंचन काही काळ सैल पडे, पण त्यातील द्रव्य लाळेच्या ग्रंथीही सुकवी आणि रुग्णाचे तोंड कोरडे ठणठणीत होई. छातीसाठी घेतलेल्या औषधाची काही किंमत तोंडाने मोजावी, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

तथापि धोत्रा काय, किंवा विसाव्या शतकाच्या आरंभी आलेले ॲड्रिनलिन काय, ही सारी तात्पुरत्या सुटकेची साधने होती. दम्याचे मूळ नळीच्या आवळण्यात जितके आहे, त्याहून अधिक नळीच्या आतील अस्तराच्या दाहात आहे. त्या दाहावर घाव घालणारे औषध सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये प्रथम एका रुग्णाला टोचण्यात आले. ती रुग्ण दम्याची नव्हती, संधिवाताची होती. औषध होते कॉर्टिझोन. काही दिवसांतच अंथरुणाला खिळलेली ती स्त्री चालू फिरू लागली. फिलिप हेंच, एडवर्ड केंडल आणि स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखस्टाइन यांना या कार्याबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध आणि पारितोषिक यांत इतके थोडे अंतर क्वचितच पडलेले आहे. त्याच वर्षी हे औषध दम्याच्या रुग्णांनाही देऊन पाहिले गेले आणि वर्षानुवर्षे रात्री बसून काढणारी माणसे झोपू लागली.

हा आनंद फार टिकला नाही. कॉर्टिझोन आणि त्याच्या मागून आलेले प्रेडनिसोलोन ही रक्तावाटे सर्वांगात जातात. दाह शमविण्यासाठी ती छातीत जितकी पोचतात तितकीच हाडांत, स्नायूंत, डोळ्यांत आणि चामडीतही पोचतात. महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांचे चेहरे पूर्ण चंद्रासारखे वाटोळे झाले, हाडे ठिसूळ झाली, मुलांची उंची खुंटली आणि शरीरातील अधिवृक्क ग्रंथी आपले काम विसरल्या. गोळी एकाएकी बंद करावी तर प्राणावर बेतावे आणि चालू ठेवावी तर शरीर हळूहळू खंगावे, अशी ती कोंडी होती. ‘स्टिरॉइड’ या शब्दाभोवती आजही जी भीती आहे, तिचा जन्म या काळातला. ती भीती निराधार नव्हती. मात्र तिचे कारण उरले नाही तेव्हाही ती उरली, हा पुढचा भाग.

उपाय उघड दिसत होता : औषध थेट श्वासनळीतच सोडावे. १९५१ साली कॉर्टिझोनचा तुषार ओढवून पाहण्याचे प्रयोग झाले आणि पुढे हायड्रोकॉर्टिझोनचेही झाले. काहींना थोडा गुण आला, काहींना मुळीच नाही. जे औषध होते ते नळीच्या अस्तरावर पुरेसे प्रभावी नव्हते, आणि जे प्रभावी होते ते रक्तात मिसळून पुन्हा तोच सर्वांगाचा त्रास देई. साधनही ओबडधोबड होते. काचेचे नळकांडे आणि रबराचा फुगा दाबून तुषार काढावयाचा, तो किती निघाला याला माप नाही.

साधनाचा प्रश्न एका मुलीच्या प्रश्नाने सुटला. लॉस एंजेलिसच्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या कन्येला दमा होता. केसांवर मारावयाचा फवारा जसा डबीत भरून मिळतो, तसे माझे औषध का मिळत नाही, असे तिने १९५५ साली वडिलांना विचारले. मेसन यांनी तो प्रश्न आपल्या प्रयोगशाळेकडे सोपविला. सुगंधी द्रव्यांसाठी तयार झालेली, एका दाबासरशी ठरावीक थेंबच सोडणारी झडप हाताशी होती. शीतपेट्यांसाठी वापरला जाणारा वायू रेटा देण्यास होता. १९५६ साली पहिला मापक फवारा बाजारात आला. त्यात भरलेली औषधे मात्र नळी सैल करणारीच होती. त्यांनी रुग्णाला तत्काळ मोकळे वाटे आणि आतला दाह धुमसत राही. १९६० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांत दम्याने मरणाऱ्या तरुणांची संख्या एकाएकी वाढली, आणि तिचा संबंध आयसोप्रिनलिनच्या अतितीव्र फवाऱ्यांशी जोडला गेला. तेव्हा केवळ नळी उघडणे पुरेसे नाही, ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन कळली.

आता हवे होते ते असे स्टिरॉइड, की जे पडेल तेथे प्रखर असावे आणि तेथून रक्तात गेल्यावर निष्प्रभ व्हावे. ते सापडले ते त्वचारोगांच्या मलमांत. इसबावर लावण्याची नवी स्टिरॉइडे त्या काळी निघाली होती. त्यांची शक्ती मोजण्याची रीत फार सोपी होती. कातडीवर थेंब लावावयाचा आणि तेथील रक्तवाहिन्या आकसून कातडी किती फिकी पडते ते पाहावयाचे. जे औषध अत्यल्प प्रमाणात कातडी फिकी करी, ते जागच्या जागी प्रबळ. इंग्लंडमधील वेअर येथे ॲलन अँड हॅनबरीज या कंपनीत डेव्हिड जॅक यांच्या नेतृत्वाखाली काम करणाऱ्या संशोधकांनी यांतील बेक्लोमेथासोन डायप्रोपिओनेट हे द्रव्य उचलले आणि ते फवाऱ्यात भरले. कातडीचे मलम श्वासनळीला लावावयाचे, इतका सरळ हा विचार. एका दाबात पन्नास मायक्रोग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा विसावा भाग.

हा विचार रुग्णांवर उतरवून दाखविण्याचे श्रेय डर्बी येथील वैद्य हॅरी मॉरो ब्राउन यांच्याकडे जाते. हे गृहस्थ आपल्या रुग्णांचा बेडका स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी असतील तरच स्टिरॉइडचा गुण येईल, हे त्यांनी १९५८ मध्येच दाखविले होते. नवा फवारा हाती येताच कोणावर तो वापरावयाचा हे त्यांना नेमके ठाऊक होते. मार्च १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० रुग्णांचा वृत्तांत ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील ३७ जण रोजच्या स्टिरॉइड गोळ्यांवर जगत होते. त्यांपैकी २८ जणांच्या गोळ्या पूर्णपणे सुटल्या. वैद्यकाच्या इतिहासात मोठी रणवाद्ये वाजवून मिरविले गेलेले पुष्कळ शोध याहून लहान आहेत. ज्या औषधाने चेहरे विद्रूप केले, तेच औषध मिलिग्रॅमच्या अंशात, योग्य जागी पडले की माणसाला गोळीच्या दास्यातून सोडवीत होते.

दोन वर्षे लोटली नाहीत तोच तोंडाच्या तक्रारी आल्या. जीभ, टाळू, पडजीभ आणि घसा यांवर दह्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. ते पुसले की खाली लालभडक, हुळहुळी जागा राही. तिखट जिभेला लागत नसे, घास गिळताना जळजळे. एडिंबरो येथील मिल्न आणि क्रॉम्प्टन यांनी १९७४ साली बेक्लोमेथासोन आणि घशातील या बुरशीचा संबंध निवेदन केला. त्याच सुमारास बेटामेथासोन व्हॅलरेट या दुसऱ्या स्टिरॉइडचा फवारा घेणाऱ्यांतही तीच गोष्ट आढळली. म्हणजे दोष एका औषधाचा नव्हता, त्या जातीचाच होता.

ही बुरशी वैद्यकाला मुळीच अनोळखी नव्हती. तान्ह्या मुलांच्या तोंडातील आणि जर्जर म्हाताऱ्यांच्या तोंडातील हा पांढरा थर ग्रीक वैद्यांच्याही पाहण्यात होता. तो सजीव बुरशीचा आहे हे मात्र १८३९ मध्ये जर्मनीतील लांगेनबेक यांना एका विषमज्वराच्या रुग्णात दिसले. शार्ल रोबँ यांनी १८५३ मध्ये तिला ‘अल्बिकान्स’ हे नाव दिले आणि १९२३ मध्ये हॉलंडच्या क्रिस्टीन बेर्कहाउट यांनी त्यामागे ‘कँडिडा’ हा शब्द लावला. लॅटिनमध्ये दोन्ही शब्दांचा अर्थ पांढराच. नामकरणात इतकी पुनरुक्ती विज्ञानात तरी विरळा. ही कँडिडा पुष्कळशा निरोगी माणसांच्या तोंडातही गुपचूप वस्ती करून असते. लाळेचा सततचा ओघ, तोंडातील इतर सूक्ष्म जंतू आणि शरीराच्या पहारेकरी पेशी तिला डोके वर काढू देत नाहीत. स्टिरॉइडचा गुण हाच की ते या पहारेकऱ्यांना शांत करते. श्वासनळीत ते विनाकारण हाणामारी करीत असतात, म्हणून तेथे त्यांना शांत करणे उपकारक. तोंडात ते आपले कर्तव्य करीत असतात, तेथे त्यांना झोपविले की बुरशीचे फावते. एकच गुण चार बोटे अलीकडे पडला की दोष ठरतो.

सुदैवाने बुरशीवरचे औषध फवाऱ्याच्या आधीच जन्मले होते. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी १९५० साली व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीतून निस्टॅटिन मिळविले आणि आपल्या राज्याचे नाव त्यात गुंफले. महाराष्ट्राच्या मातीनेही या कामी आपला वाटा उचललेला आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात मां. ज. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी जमिनीतील सूक्ष्म जंतू तपासत असताना त्यांना एका जंतूत बुरशीनाशक द्रव्य आढळले. त्या जंतूला स्थळावरून ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना’ हे नाव मिळाले आणि द्रव्याला हॅमायसिन. १९६० नंतर ते तोंडातील कँडिडावर लावण्यासाठी या देशात वापरले गेले. पेनिसिलिनच्या कारखान्याची कीर्ती सर्वांना ठाऊक. हॅमायसिनचे नाव आज फारसे कोणी काढीत नाही.

पण औषध लावून बुरशी घालविणे ही झाली नंतरची मलमपट्टी. फवारा चालू राहिला तर ती पुन्हा येणारच. मुळात छातीसाठी सोडलेले औषध तोंडात राहतेच किती, या प्रश्नाचे उत्तर १९८१ पर्यंत कोणी नेमके दिलेले नव्हते. ते लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधील स्टीफन न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी टेफ्लॉनच्या सूक्ष्म कणांना किरणोत्सारी खूण लावून ते फवाऱ्यात भरले, रुग्णांना ते ओढावयास लावले आणि कण कोठे जाऊन बसले ते बाहेरून यंत्राने मोजले. फुप्फुसांत पोचले होते नऊ टक्क्यांहूनही किंचित कमी. सुमारे ८० टक्के तोंडात आणि घशातच आपटून तेथेच राहिले होते. उरलेले बहुतेक फवाऱ्याच्या तोंडाशी चिकटलेले. आणि ही माणसे फवारा चुकीचा वापरीत नव्हती. डबीतून औषध इतक्या वेगाने बाहेर पडते की घशाच्या वळणावर ते वळू शकत नाही आणि मागच्या भिंतीवर जाऊन धडकते, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला सारे जग छातीचे औषध म्हणत होते, ते मापाच्या हिशेबाने मुख्यतः तोंडाचे औषध होते!

हा आकडा हाती आल्यावर पुढच्या दोन गोष्टी ओघानेच आल्या. पहिली म्हणजे फवारा आणि तोंड यांच्यामध्ये धरावयाची पोकळ नळी किंवा मोठा फुगीर डबा. फवाऱ्याचा वेग त्या पोकळीत मंदावतो, जड थेंब तेथेच गळून पडतात आणि हलका तुषार तेवढा श्वासाबरोबर आत जातो. न्यूमन यांनीच १९८४ साली असा साडेसातशे मिलिलिटरचा डबा लावून मोजणी केली, तेव्हा फुप्फुसांत पोचणारा भाग दुपटीहून वाढून एकपंचमांश झाला आणि तोंडातील भाग ८० टक्क्यांवरून १७ टक्क्यांच्या आत आला. कॅनडातील टूगुड यांनी त्याच वर्षी दाखविले की अशा डब्याने तोंडातील बुरशी कमी होते, आणि तोच दैनिक डोस चार वेळांऐवजी दोन वेळांत विभागून घेतला तरीही ती कमी होते. पुढे फवाऱ्यातील वायू बदलावे लागले. पृथ्वीभोवतालच्या ओझोनच्या आवरणासाठी १९८७ साली माँट्रिऑलला करार झाला आणि नवे वायू आले. त्यांतील काही फवाऱ्यांचे कण इतके बारीक निघाले की बेक्लोमेथासोनचा निम्म्याहून अधिक भाग थेट फुप्फुसांत जाऊ लागला. आकाशाच्या काळजीतून घशाचे असे अनपेक्षित कल्याण झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे चूळ. वैद्य ती आधीपासून सांगतच होते, पण अनुमानाने. तिचे मोजमाप उशिरा झाले. १९९१ साली फिनलंडमधील सेलरूस आणि हाल्मे यांनी कोरड्या भुकटीच्या रूपात स्टिरॉइड घेणाऱ्यांत दाखवून दिले की चूळ भरून थुंकल्याने रक्तात जाणारे औषधही घटते. हा मुद्दा बुरशीहून निराळा आहे आणि अधिक दूरवरचा आहे. तोंडात राहिलेले औषध थुंकीबरोबर गिळले जाते, पोटातून यकृतात जाते आणि तेथे त्याचा बराचसा भाग निकामी होतो. किती निकामी होतो हे औषधावर अवलंबून. फ्लुटिकासोनचा एक टक्काही शाबूत सुटत नाही, ब्युडेसोनाइडचा सुमारे दहावा भाग सुटतो, जुन्या बेक्लोमेथासोनचा याहून पुष्कळ अधिक. म्हणजे ज्या सर्वांगाच्या त्रासातून सुटण्यासाठी गोळी टाकून फवारा घेतला, तो त्रास मागच्या दाराने परत येऊ नये यासाठीही चूळ. पुढे जपानी संशोधकांनी थुंकलेल्या पाण्यातील औषध मोजले, तेव्हा असे दिसले की औषध ओढल्यापासून चूळ भरेपर्यंत जो वेळ जातो तो फार महत्त्वाचा आहे. लगेच भरलेली चूळ बरेच औषध बाहेर काढते. उशीर झाला की ते तोंडाच्या त्वचेत मुरू लागते.

म्हणून आज जी रीत सांगितली जाते ती अशी : फवारा ओढून, जमेल तेवढा, दहा सेकंदांपर्यंत श्वास रोखावा, सांगितलेल्या मात्रा पूर्ण झाल्या की लगेच पाणी तोंडात खळखळवावे, मान मागे टाकून एक गुळणी करावी, आणि सारे थुंकून टाकावे. पाणी साधे असले तरी चालते. पाणी पिऊन टाकणे म्हणजे चूळ नव्हे. त्याने औषध घशातून पोटात ढकलले जाते इतकेच. सकाळी व रात्री दात घासण्याच्या आधी फवारा घ्यावा, म्हणजे एक काम दुसऱ्याची आठवण देते आणि दात घासताना उरलेसुरले निघून जाते. ज्यांना कवळी आहे त्यांनी ती रात्री काढून, घासून ठेवावी, कारण कवळीच्या खाली बुरशीला हवी तशी ओल आणि आडोसा मिळतो. लहान मुलाच्या तोंडावर मुखवटा लावून औषध दिले असेल तर त्याचा चेहराही पुसावयाचा असतो, ही गोष्ट बहुधा राहून जाते.

चुळीने सारे भागते, असे मात्र नाही. फवारा घेणाऱ्या पुष्कळांचा आवाज बसतो, घोगरा होतो. हा बुरशीचाच परिणाम असावा असे प्रथम सर्वांना वाटे. १९८३ साली बर्मिंगहॅमच्या वैद्यांनी अशा रुग्णांच्या स्वररज्जू पाहिल्या, तेव्हा काही जणांच्या रज्जू बोलताना पूर्ण मिटत नाहीत, धनुष्यासारख्या वाकून मध्ये फट राहते, असे आढळले. स्टिरॉइडने तेथील लहान स्नायू दुर्बळ झाले असावेत, हा त्यांचा निष्कर्ष. चुळीचे पाणी तेथवर पोचत नाही. डोस कमी करणे, साधन बदलणे, हेच त्यावरचे उपाय. औषध कमी केले की आवाज बहुधा परततो. ज्यांचे पोटच आवाजावर, त्या शिक्षकांना, वकिलांना, गायकांना ही अडचण बुरशीपेक्षा जड वाटते, आणि वैद्याकडे परत न जाता फवारा परस्पर टाकून देणाऱ्यांत ते पुष्कळ असतात.

या ठिकाणी चुळीची खरी किंमत कळते. तोंडातील बुरशीने सहसा कोणी दगावत नाही. दम्याने माणसे दगावतात. माँट्रिऑलचे सामी सुइसा यांनी कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील हजारो रुग्णांच्या औषधांची नोंद तपासून २००० साली असे दाखविले की मागील वर्षात स्टिरॉइड फवाऱ्याचा एकेक डबा अधिक वापरला गेला, की दम्याने मरण्याचे प्रमाण त्यासरशी २१ टक्क्यांनी घटत होते. आणि ज्यांनी तो सोडला, त्यांना पहिले तीन महिने सर्वांत अधिक धोक्याचे होते. तोंड आले म्हणून, चव गेली म्हणून, किंवा ‘स्टिरॉइड’ हा शब्द कागदावर वाचून १९५० च्या दशकातील चंद्रमुखी चेहरे आठवले म्हणून जो फवारा फडताळात जातो, त्याचा हिशेब या आकड्यांत आहे.

भारताच्या बाबतीत हा हिशेब विशेष कठोर आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७० नंतरच्या दशकात दम्याचे फवारे येथेच तयार करण्यास सुरुवात केली, तेव्हापासून हे साधन या देशाला परके राहिलेले नाही. तरीही २०१९ च्या जागतिक अंदाजाप्रमाणे जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे आठवा भाग भारतात होता, तर दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात झाले. पंप म्हणजे शेवटची पायरी, पंपाची सवय लागते, गोळी बरी, ही वाक्ये शहरांतही ऐकू येतात. गोळीतील स्टिरॉइडला न भिणारा माणूस त्याच्या शतांश मात्रेच्या फवाऱ्याला भितो. तोंडात उठलेला पांढरा थर त्या भीतीला डोळ्यांनी दिसणारा पुरावा पुरवतो. आणि त्यावरचा उपाय औषध देणाऱ्याने दोन वाक्यांत सांगितलेला नसतो.

२०१९ साली दम्याच्या उपचारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका बदलली. केवळ नळी सैल करणाऱ्या फवाऱ्यावर प्रौढ व कुमार रुग्णांना ठेवू नये, सौम्य दम्यातही त्याच्या जोडीला स्टिरॉइड असावेच, असे तिने सांगितले. काहींना तर दम लागेल तेव्हाच, नळी उघडणारे औषध आणि स्टिरॉइड एकत्र असलेला फवारा घेण्यास सांगण्यात येते. त्यामुळे चुळीच्या नियमाला एक अपवादही जोडला गेला आहे. रोज ठरलेल्या वेळी घ्यावयाच्या मात्रेनंतर चूळ भरावी. पण जिना चढताना किंवा रात्री दचकून उठून, श्वास कोंडला असता घेतलेल्या त्या अल्प मात्रेनंतर पाणी शोधीत बसण्याचे कारण नाही. अशा वेळी आधी बसावे, दम खाली बसू द्यावा.